मागं बसणारीचं माप

मोटारसायकल घ्यायला माणसं घोळक्यानं जातात. भाऊ असतो, मित्र असतो, गाड्यांतलं आपल्याला सगळं कळतं असं समजणारा एक मेव्हणा असतो. ॲव्हरेज विचारतात, पिकअप विचारतात, काळी घ्यायची की लाल यावरून वाद घालतात. मागं जी बसणार असते ती शोरूममधल्या खुर्चीवर थंड पीत बसलेली असते. तिला विचारतात ते एवढंच, की पेढे आणलेस का. या न विचारलेल्या बाईवर माझं घर चाललं, मुलाचं शिक्षण झालं आणि बोईसरमध्ये मला 'सीटवाली बाई' हे नाव मिळालं.

आता दुकान सून बघते. मी सकाळी जाते, स्टुलावर बसते आणि तिच्या कामातल्या चुका काढते. ती सगळं ऐकून घेते आणि तिला करायचं तेच करते. दिवाळी अंकासाठी तुमच्या धंद्याबद्दल लिहा असा निरोप आला, तेव्हा तीच म्हणाली, "लिहा आई, तेवढीच मला चार दिवस शांतता." म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी मूळची वाळवा तालुक्यातली. लग्न होऊन इकडं आले, कारण आमचे हे तारापूरच्या एमआयडीसीत रंग बनवणाऱ्या कंपनीत होते. संध्याकाळी घरी आले की यांच्या कानाच्या पाळ्यांवरून कळायचं, आज कुठला रंग चालला होता. मी घरी ब्लाउज शिवायचे. रविवारी हे मला मोटारसायकलवरून केळव्याच्या समुद्रावर न्यायचे. माकुणसार आलं की माझ्या पायाला मुंग्या येऊन त्याचा दगड व्हायचा. मग मी म्हणायचे, चहा घेऊया का. चहा मला आवडत नाही, पण खाली उतरून पाय आपटायला काहीतरी निमित्त हवं. बायकोला माकुणसारचा चहा फार आवडतो, असं हे पुष्कळ वर्षं लोकांना सांगत होते.

एकदा हे कंपनीच्या बसनं कामाला गेले आणि गाडी दारात राहिली. मी पाना घेऊन सीट काढली. उलटी केली, पिना उचकटल्या, रेक्झिन सोललं आणि आत बघते तर काय, चालवणाऱ्याच्या खाली गुबगुबीत फोम आणि माझ्या वाट्याला पोळीएवढा थर. म्हणजे यांना गादी आणि मला चादर. इतका राग आला, की त्या रागात मी घरातली जुनी उशी फाडली, तिचा फोम मागं चिकटवला आणि वर नवं कव्हर शिवून टाकलं. शिवायची सवय ब्लाउजची, त्यामुळं कडेनं लाल पायपिंगही निघालं. हे घरी आले आणि गाडीकडं बघत उभेच राहिले. मला वाटलं आता खैर नाही. पण दुसऱ्या दिवशी कंपनीतल्या लोकांनी विचारलं, ही सीट कुठून करून घेतली. त्यांच्या बायकांचेही पाय दगड होत होतेच, फक्त त्या कोणत्या गावात चहा मागत होत्या तेवढं वेगळं.

असं ते सुरू झालं. पुढं स्टेशनपासून थोड्या अंतरावर गाळा घेतला, जाड कापडाचं मशीन आणलं आणि असलमभाई कामाला आले. असलमभाईंचा हात शिवणात माझ्यापेक्षा साफ. ते मला भाभी म्हणायचे आणि माझी पायपिंगची हौस त्यांना अजिबात पसंत नव्हती.

आता सीट म्हणजे काय ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल. खाली प्लॅस्टिकचा कडक साचा, त्यावर फोम, त्यावर रेक्झिन. एवढंच. पण लोकांची एक पक्की समजूत असते, की सीट जेवढी मऊ तेवढी आरामाची. गिऱ्हाईक दुकानात येऊन अंगठ्यानं सीट दाबतं आणि म्हणतं, अजून मऊ करा. मऊ सीटवर बसलं की पहिली दहा मिनिटं स्वर्ग. मग फोम बसतो आणि खालचा साचा हाडांना भेटायला वर येतो. म्हणून खाली घट्ट थर लागतो. फोमचे तुकडे दाबून केलेला ठिपक्याठिपक्यांचा एक फोम मिळतो, त्याला आम्ही रिबॉन्ड म्हणतो. तो खाली आणि त्यावर बोटभर मऊ. मग उतार बघायचा. हल्लीच्या गाड्यांची मागची सीट पुढं कललेली असते, त्यामुळं ब्रेक लागला की मागची बाई चालवणाऱ्याच्या पाठीवर जाऊन आदळते. तरुण पोरांना हे चालतं, किंबहुना त्यासाठीच ते ती गाडी घेतात. पण पुढं कधीतरी त्याच गाडीवर आई बसायला लागते.

आणि सगळं करून झालं तरी टायरमध्ये दगडासारखी हवा भरलेली असेल, मागचे शॉकअप कडक करून ठेवलेले असतील, तर माझी सीट काय करणार. पण लोक हवेला कधी दोष देत नाहीत, सीटवालीला देतात.

ब्लाउज आणि सीट यांत फार फरक नाही. दोन्हींत नुसती टेप लावून भागत नाही. माणूस बसताना, वळताना, वाकताना कसा हलतो ते बघावं लागतं. म्हणून मी दुकानात पहिल्यापासून एक नियम केला. मागं जे बसणार त्याला घेऊन या, नाहीतर काम घेणार नाही. चालवणारा आला नाही तरी चालेल. या नियमावर लोक फार चिडायचे. असलमभाई म्हणाले, भाभी गिऱ्हाईक तोडतात. हे म्हणाले, डॉक्टरसुद्धा एवढा हट्ट करत नाहीत. पण मी ऐकलं नाही.

या नियमातून गमती व्हायच्या. कोळगावच्या सरकारी कचेरीत नोकरीला असलेला एक मुलगा आला. लग्न ठरलेलं होतं, गाडी नवी होती आणि बायको यायच्या आत मागची सीट तिच्यासाठी करून ठेवायची होती. मला त्याचं इतकं कौतुक वाटलं, पण नियम तो नियम. मी म्हटलं, मुलीला आणा. तो लाजून म्हणाला, लग्नाआधी तिच्या घरचे गाडीवर बसू देणार नाहीत. मग दोन्ही घरांत काय बोलणी झाली देव जाणे, पण रविवारी मुलीची मावशी आली. म्हणाली, उंचीनं पोरगी माझ्यावर गेली आहे, माझं माप घ्या. मावशी उंचीला तेवढी असेलही, पण रुंदीला दोन पोरी होत्या. ती सीटवर बसली, जावयाला गाडी चालवायला लावली, बाजाराला एक फेरी मारून आली आणि म्हणाली, मुलगा गाडी नीट चालवतो, स्थळ चांगलं आहे. लग्नानंतर ती नवी नवरी हसत दुकानात आली. सीट फार छान आहे, म्हणाली, फक्त माझ्या शेजारी अजून एक जण बसेल एवढी जागा उरते. मी ती पुन्हा कापून दिली.

पण मला ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे त्या पारूमावशी. चिंचणीच्या. सगळा जन्म मासळी विकण्यात गेला. बोईसरच्या बाजारात त्यांची जागा ठरलेली, त्यांच्या सासूनंतर त्यांच्याकडं आलेली. मी स्वतः त्यांच्याकडून बोंबील घ्यायचे, पण त्या माझ्या दुकानात कधी येतील असं वाटलं नव्हतं. त्या आल्या त्या मुलाला पुढं घालून. मुलगा दिनेश एमआयडीसीतल्या एका कंपनीत कामाला होता. कामावर जाताना आईला बाजारात सोडायचा. आधी त्याच्याकडं वडिलांची जुनी गाडी होती, लांब सपाट सीट आणि मागं कॅरिअर असलेली. ती दमली तेव्हा त्यानं नवी घेतली. दिसायला देखणी, आवाज रुबाबदार आणि मागची सीट म्हणजे भिंतीला ठोकलेली फळी. उंच, अरुंद, पुढं कललेली. कॅरिअर नाहीच.

त्या फळीवर मावशी एका बाजूला पाय सोडून बसायच्या आणि मासळीचा टब मांडीवर धरायच्या. एक दिवस फाट्याजवळच्या स्पीडब्रेकरला त्या घसरून खाली पडल्या. कोपर आणि गुडघा खरचटला, नशिबानं मागून गाडी येत नव्हती. ही हकीकत त्यांनी मला स्टुलावर बसून अशी सांगितली, की असलमभाईंनी मशीन थांबवलं.

"पापलेट रस्त्यावर, मी बी रस्त्यावर," त्या म्हणाल्या. "पापलेटं मेलेलीच होती, त्यांना काय वाटलं नाय. मलाच लागलं."

त्या हसत होत्या, पण दिनेश हसत नव्हता. तो दाराशी उभा राहून गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत होता.

पडल्यापासून मावशी बाजारात गेलेल्या नव्हत्या. रिक्षावाले मासळीचा टब घेत नाहीत, पाणी गळतं, वास राहतो, पुढचं भाडं नाक मुरडतं. आणि इकडं बाजारात त्यांच्या शेजारी बसणारी सुक्या मासळीची बाई रोज हातभर सरकत होती. आधी तिनं जवळ्याची पाटी मावशींच्या जागेवर ठेवली, मग बोंबलांचा ढीग आला, आता तर म्हणे तिनं वर कापडही बांधलं होतं. बाजारातल्या जागेला कागद नसतो. बसेल त्याची जागा. जो बसत नाही त्याची हळूहळू कोणाचीच राहत नाही.

"बाय, जागा गेली तं मी गेली," मावशी म्हणाल्या. "घरात बसून मी काय करू? भिंतींना भाव सांगू?"

मी म्हटलं, बघूया. मावशी मापासाठी आणलेला टब बघायला बाहेर गेल्या, तसा दिनेश आत आला आणि हळूच म्हणाला, "बाई, तुमी सांगा ना तिला, या गाडीला होत नाय म्हणून. तुमचं ऐकेल ती."

खरं सांगते, मला त्याचा राग आला. मला वाटलं, पोराला आईला गाडीवर घेऊन जायची लाज वाटते. नवी गाडी, मासळीचा वास, कंपनीतले मित्र. मी त्याला फटकन म्हटलं, होतं का नाही ते मी ठरवीन.

मी काम हातात घेतलं. मागच्या सीटचा उतार काढून टाकला, साच्यावर रिबॉन्ड चढवून ती सपाट केली, दोन्ही बाजूंना रुंदी वाढवली. बाजूला बसणाऱ्या बाईला रुंदी लागते, कारण तिची बैठक आडवी असते. डाव्या बाजूला पाय ठेवायला मोठी पट्टी बसवून घेतली. वेल्डिंगवाल्याकडून मागं कॅरिअर करून आणलं, म्हणजे टब मांडीवरून उठून तिथं गेला. असलमभाईंनी खडबडीत रेक्झिन वापरलं, घसरू नये म्हणून. मला वाटलं, झालं.

मावशी आल्या, चढल्या, बसल्या. दिनेशनं गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेली आणि परत आणली. गोगलगाय बरी, इतक्या हळू. मावशी उतरल्या आणि म्हणाल्या, सीट मऊ हाय, पण भीती तीच हाय. मी विचारलं, कशाची भीती? त्या म्हणाल्या, खड्डा येतो तो अंगात येतो तेव्हाच कळतो. आधी दिसत नाय.

मी विचार करत बसले. एवढं सगळं करून काय राहिलं ते समजेना. तेवढ्यात मावशींना वरच्या फळीवर ठेवलेला रेक्झिनचा निळा रोल दिसला. हा कसला, म्हणून बघायला त्या माझ्या कामाच्या टेबलावर चढल्या. चढल्या म्हणजे कशा, तर लुगड्याचा काष्टा घट्ट, एक पाय टेबलावर, दुसरा सरळ वरून पलीकडं. एका ढांगेत. आयुष्यभर होडीच्या काठावरून आत-बाहेर केलेल्या बाईची ढांग ती. मी आणि असलमभाई दोघंही बघत राहिलो. आम्ही तिच्यासाठी पाय ठेवायची पट्टी बसवली होती आणि ही बाई टेबल ओलांडत होती.

मी म्हटलं, "मावशी, तुम्ही दोन्हीकडं पाय टाकून बसा."

मावशी इतक्या हसल्या, की त्यांना टेबलाचा आधार घ्यावा लागला. पुरुषासारखी? या वयात? चिंचणीच्या नाक्यावर बसलेली माणसं काय म्हणतील? आमच्यात कोण असं बसतं? मी म्हटलं, अहो, पाचवारी नेसणाऱ्या आम्ही, आमचे पाय साडीत बांधलेले. आम्ही आडव्या बसतो कारण आम्हाला दुसरा इलाज नाही. तुमच्या काष्ट्याला कसली अडचण? तुम्ही होडीत चढता, खडकावरून उतरता, डोक्यावर टोपली घेऊन पळता. आणि गाडीवर बसताना मात्र तुम्ही पाचवारीवालीची नक्कल करता.

हे मावशींना लागलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाल्या, "मंग तू बसून दाखव आधी."

आता माझी पंचाईत झाली. सीट करण्यात माझी हयात गेली, पण मी स्वतः कधी दोन्हीकडं पाय टाकून बसले नव्हते. लग्न झाल्यापासून साडी आणि साडी म्हणजे आडवं बसणं. पण गिऱ्हाइकापुढं माघार कशी घ्यायची? दुकानात आमच्या ह्यांची कंपनीची जुनी पँट होती, फोम कापताना अंगावर धूळ येऊ नये म्हणून मी ती एप्रनसारखी बांधायचे. ती आत जाऊन साडीखाली चढवली. कंपनीतल्या रंगानं तिचा एक पाय जांभळा, एक हिरवा. मावशी माझ्या मागोमाग आत आल्या, माझ्या साडीचा पदर ओढला, निऱ्या सोडल्या, ओच्याला हिसका देऊन मागं खोचल्या आणि पाचवारीतच असा आखूड काष्टा मारून दिला, की मला स्वतःला आरशात ओळखता येईना. बाहेर आले तेव्हा असलमभाईंनी मान खाली घातली आणि ते सुई शोधायला लागले. सुई मशीनलाच होती.

डोक्यावर हेल्मेट घातलं, दिनेशच्या खांद्याला धरलं आणि पाय पलीकडं टाकला. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा मावशींनी खालून ढकललं. बसले. दिनेशला म्हटलं, गल्लीत नको, चल चिंचणीपर्यंत.

तो प्रवास मी विसरणार नाही. बोईसर-चिंचणी रस्त्यावरून मी किती वेळा गेले असेन, पण दर वेळी माझं तोंड रस्त्याच्या कडेला. गटारं, पानाच्या टपऱ्या, कंपन्यांच्या भिंती आणि त्यांवर लिहिलेल्या सूचना सगळ्या मला पाठ. समोरचा रस्ता मात्र मी कधी बघितलाच नव्हता. आता दिनेशच्या खांद्यावरून सगळा रस्ता दिसत होता. टँकर लांबूनच दिसत होता. स्पीडब्रेकर येताना दिसत होता, आणि तो आला की मी पायावर जोर देऊन जरा वर उठत होते, तो खालून निघून जात होता. खाडीवरून वारा सरळ तोंडावर येत होता. मला इतका आनंद झाला, की मी एका वळणावर मोठ्यानं हसले. दिनेशनं दचकून ब्रेक मारला.

पण एक गोष्ट लक्षात आली. त्याची पाठ लाकडासारखी ताठ होती. सारखा आरशात बघत होता, रस्त्याकडं कमी आणि माझ्याकडं जास्त. चिंचणीच्या सुरूच्या झाडांजवळ आम्ही थांबलो तेव्हा मी विचारलं, अरे, एवढा का घाबरतोस? तो म्हणाला, आये पडली तेव्हा मला कळलंच नाय.

मला आधी समजलं नाही. मग त्यानं सांगितलं. मावशी आडव्या बसलेल्या, दोन्ही हात मांडीवरच्या टबाला. अंगाला अंग लागत नव्हतंच. स्पीडब्रेकरवर गाडी हलली, ती नेहमीच हलते. तो तसाच पुढं गेला. बऱ्याच लांब गेल्यावर मागून एक सायकलवाला ओरडत आला, अरे तुझी आई तिकडं पडली आहे. तोवर तो तिच्याशी बोलत होता. कंपनीतला काहीतरी किस्सा सांगत होता. मागं कोणी नव्हतं आणि तो सांगत होता.

"आता मागं कोन बसलं की मला सारकं वाटतं, हाय का पडलं," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

मला माझीच लाज वाटली. मी याला काय समजत होते आणि हा काय घेऊन हिंडत होता. मी म्हटलं, चल परत, आणि आता आरशात बघू नकोस. मी त्याच्या कमरेला दोन्ही बाजूंनी गुडघे घट्ट लावले आणि म्हटलं, हे लागतात ना? लागतात तोवर मी आहे. अर्ध्या वाटेवर त्याची पाठ जरा सैल झाली, ते मला कळलं.

दुकानात आल्यावर मी पहिलं काम केलं ते सीट पुन्हा फाडायचं. असलमभाई म्हणाले, "भाभी, अभी तो बनाया." पण इलाज नव्हता. आडवं बसणाऱ्याची सीट रुंद लागते, पाय टाकून बसणाऱ्याची पुढं अरुंद. नाहीतर मांड्या फाकतात आणि गुडघे चालवणाऱ्याला लागतच नाहीत. म्हणजे माझी सगळी रुंदी उलटी ठरली होती. पुढून दोन्ही बाजू कापल्या, मागं तेवढीच ठेवली. शिवण मांडीखाली येणार नाही असं कव्हर बेतलं. मावशी बुटक्या, म्हणून पाय ठेवायचे फूटरेस्ट खाली घेतले आणि त्यांवर जाड रबर चढवलं. उजवीकडं सायलेन्सर तापतो, पोटरी भाजू नये म्हणून त्यावर जाळी बसवली. हे सगळं होईपर्यंत मावशी दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला माझ्या काष्ट्याची गोष्ट सांगत होत्या.

मग त्या बसल्या. केसांत अबोलीची वेणी होती, ती काढायला तयार होईनात, म्हणून हेल्मेट त्यावरच घातलं. दिनेशच्या खांद्यावर हात ठेवला आणि पाय पलीकडं टाकला. कोणी ढकलावं लागलं नाही. गुडघे आवळून घेतले आणि म्हणाल्या, "चल. नाक्यावरून ने. बघू दे त्यांना."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम बाजारात गेले. मासळी घ्यायची होती असं मी घरी सांगितलं, पण हे मला ओळखून आहेत. गर्दीत वाट काढत दिनेशची गाडी आली. मागं मावशी ताठ बसलेल्या, त्यांच्या मागं कॅरिअरवर टब. बाजारातल्या सगळ्या कोळणींच्या माना वळल्या. कोणी शिट्टी मारली, कोणी काय म्हणालं ते मला कळलं नाही, पण मावशींनी तिथूनच असं उत्तर दिलं, की सगळा बाजार हसायला लागला. सुक्या मासळीच्या बाईनं आधी बोंबलांचा ढीग ओढून घेतला, मग जवळ्याची पाटी. कापडाची दोरी तिनं स्वतः सोडली. मावशी खाली बसल्या, टबावरचं ओलं फडकं काढलं आणि पहिलं पापलेट हातात घेऊन भाव सांगायला लागल्या. त्या वेळी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारी उभ्या असलेल्या एका कोळणीनं विचारलं तेव्हा मी वास सहन होत नाही असं सांगितलं. मी गेली कित्येक वर्षं याच बाजारातून मासळी घेत होते, त्यामुळं तिचा विश्वास बसला नाही.

पुढं काय झालं, तर चिंचणीच्या बायका दुकानात यायला लागल्या. मुलांना, नवऱ्यांना पुढं घालून. काष्टा घट्ट, एक ढांग, बसल्या. माझ्या नियमाबद्दल त्यांना सांगावं लागायचं नाही, कारण मागं बसणारीच गिऱ्हाईक असायची आणि चालवणारा तिनं बरोबर आणलेला. असलमभाईंनी पुढून अरुंद सीटचा एक वेगळा साचाच करून ठेवला. सून आल्यावर तिनं त्याला नाव दिलं आणि फोनवर फोटो टाकले, आता डहाणूपर्यंतची माणसं येतात. मीसुद्धा ह्यांच्या मागं तशीच बसते. सलवार शिवून घेतली. केळव्याला जाताना मधे थांबावं लागत नाही. ह्यांना आता माकुणसारच्या चहाची आठवण येते, म्हणतात.

गेल्या महिन्यात दिनेश सीटचं कव्हर बदलायला आला. बसून बसून रेक्झिन गुळगुळीत झालं होतं. मी विचारलं, आई बरी आहे ना, पडायची भीती गेली ना तुझी? तो म्हणाला, गेली. मग किल्ली बोटाभोवती फिरवत हसत म्हणाला, "पन बाई, वेगळंच झालंय. तिला बाजारात उतरवून कंपनीत जातो ना, तवा कितींदा मधेच गाडी थांबवतो मी. गुडघे लागत नाय म्हणून. मंग आठवतं, आत्ताच तं सोडली तिला."